समेआधीचं एक अक्षर

चाल आणि चाळ यांत एका अक्षराचा फरक, पण ख्रिस्ती गीतांच्या चालींना गिरगावातल्या चाळीचाच कायदा लागू पडतो. खोली तीच, भाडेकरू बदलतात. इंग्रजी गीतपुस्तकांत ८.६.८.६ असे आकडे दिसतात, ते खोलीचं माप. पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, पुन्हा तसंच. माप जुळलं की शब्द आत.

जॉन न्यूटनच्या ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द अठराव्या शतकातले, पण आज जगभर ऐकू येणारी चाल त्याला १८३५ मध्ये जोडली गेली. तिचं नाव ‘न्यू ब्रिटन’. हो, चालींना स्वतःची नावं असतात. काही चाली रिकाम्याही पडतात. इंग्रज संगीतकार स्टॅनफर्डची १९०४ची ‘एंगेलबर्ग’ अशीच. ती ज्या गीतासाठी होती, त्यालाच दोन वर्षांत व्हॉन विल्यम्स या दुसऱ्या संगीतकाराने नवी चाल दिली, लोकांनी ती उचलली आणि एंगेलबर्गला कुलूप लागलं. पुढे १९७०च्या दशकात गीतकार फ्रेड प्रॅट ग्रीन यांनी खास तिच्या मापाचे शब्द लिहिले, तेव्हा कुठे खोली पुन्हा नांदती झाली.

मराठीत मात्र नुसतं माप जुळून भागत नाही. ‘न्यू ब्रिटन’चेच सूर घ्या. सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे पाच; पेटीवाल्याला दोन मिनिटांचं काम. पट्टी, म्हणजे सा धरायची जागा, पांढरी पाच घ्यावी, कारण चाल मंद्र म्हणजे खालच्या पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत फिरते. सवयीने काळी एक धरली तर सुरुवातीलाच चर्चमध्ये गाणाऱ्या अर्ध्या मंडळीचा आवाज बुडतो. ठेका दादरा, सहा मात्रांचा. इथपर्यंत सगळं सोपं.

गोची पहिल्या अक्षराची. ते समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर नाही, तिच्या आधीच्या मात्रेवर येतं. तबल्यावर पाच मात्रा जाऊ द्यायच्या आणि सहावीवर तोंड उघडायचं. तबलजीने पहिल्या अक्षरालाच सम धरली की आख्खं गीत एका मात्रेने लंगडतं, आणि मंडळीला नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही.

आता शब्द. समजा ‘कृपा तुझी किती मधुर’ अशी ओळ बसवायची आहे. कृ एक मात्रा, पा दोन. तु एक, झी दोन. कि एक, ती दोन. लघु-गुरूचा हिशेब चालीशी तंतोतंत जमतो, जणू चाल मराठीतच जन्मली. पण ‘मधुर’? बोलताना म-धुर, गाताना म-धु-र. निम्मी मंडळी ‘र’ गिळते, निम्मी त्याला वेगळा सूर देते, आणि ओळीच्या टोकाला गर्दी होते. अनुवाद करणाऱ्याने ओळ दीर्घ स्वरावर संपवावी, हे बरं.

खरी पंचाईत ‘येशू’ची. दोन्ही अक्षरं गुरू. ये समेआधीच्या तोकड्या मात्रेत चेंगरतं आणि शू ऐटीत समेवर बसतं: ‘येशूऽऽ’. मग ‘येशू’च्या आधी ‘हे’ लावायचा, म्हणजे चेंगरायचं काम त्याच्याकडे. अनुवादित गीतांत ‘हे’, ‘ओ’, ‘रे’ यांची एवढी वर्दळ भक्तिभावापेक्षा या मात्रेपायी असते, असं माझं मत. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगाची वाट धरली. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या घरात ‘येशू’ला कुणाचा टेकू लागत नाही.

नव्या गीतांतही ही मात्रा सुटलेली नाही. कीथ गेटी आणि स्टुअर्ट टाउनेंड यांचं २००१चं ‘इन ख्राइस्ट अलोन’ आधी चाल, मग शब्द असं घडलं. तेही समेआधीच सुरू होतं. शिवाय त्यावर हक्क आहेत, तेव्हा मराठी करून छापण्याआधी परवानगी हवी.

आणि ‘न्यू ब्रिटन’च्या दुसऱ्या ओळीचं शेवटचं अक्षर पाच मात्रा धरायचं असतं, तेही सगळ्यात वरच्या सुरावर. दम संपतो, मंडळी दोन मात्रांतच सोडून पुढची ओळ उचलते, आणि सम सरळ ‘खाली’वर, म्हणजे दादऱ्याच्या चौथ्या मात्रेवर जाऊन पडते. पेटीवाल्याने तेवढ्या वेळ भाता सैल सोडू नये. पेटीचा सूर भरून राहिला की लोकही धरून राहतात.