चित्रं विकायची ठरली, पण पैसे द्यायचे कोणाला?

बडोद्यात रावपुऱ्यातल्या प्रेसवाल्याने माझ्या चित्रप्रदर्शनाच्या कार्डाचा मजकूर वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि गुजरातीत विचारलं, "बेन, कई संस्थाने?" म्हणजे कुठल्या संस्थेला? मी लिहून नेलं होतं: 'चित्रविक्रीतून मिळणारी सर्व रक्कम समाजकार्यास दिली जाईल.' मला वाटलं, एवढं पुरे. तो म्हणाला, नाव नसेल तर लोक चहा पिऊन जातील, चित्र घेणार नाहीत. कार्ड न छापताच मी घरी आले, आणि पुढचे अडीच महिने त्या एका प्रश्नात गेले. चौतीस चित्रांना इतका त्रास झाला नव्हता.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. निवृत्तीनंतर जलरंग हातात घेतले. रविवारी सकाळी सातला घडीचं स्टूल घेऊन दांडिया बाजारात जायचं आणि एखाद्या जुन्या घरासमोर बसायचं. लाकडी तोडे, माडीचा कठडा, वाळत घातलेलं नऊवारी, त्यावरून लोंबणाऱ्या केबलच्या वायरी, सगळं कागदावर. बघता बघता पलंगाखाली जागा उरली नाही. नवरा म्हणाला, "एक तर वीक, नाहीतर मला झोपायला दुसरं घर बघ." पेन्शन आहे, मुलगा मार्गी लागलाय. तेव्हा पैसे कुठेतरी द्यावेत, हे ओघानेच आलं. बडोद्यात ही गोष्ट नवीन नाही. इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाच्या फेअरमध्ये साठच्या दशकापासून विद्यार्थी आणि शिक्षक हाताने खेळणी करून विकत आलेत, आणि तो पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या कामी यायचा. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकारानेही त्या फेअरसाठी खेळणी केली. मग आपल्याला कसला संकोच?

पहिला विचार सरळ होता. चित्रं वाड्यांची, तर पैसेही वाड्यांनाच. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं मी कॉलेजात असल्यापासून बघत आलेय. पण तो वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे दारात जाऊन 'हे घ्या, भिंत नीट करा' म्हणता येत नाही. अशा वास्तूंसाठी केंद्र सरकारने १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी काढलाय, त्यात देणगी देता येते आणि करात शंभर टक्के वजावटही मिळते. पण माझी रक्कम पन्नास-साठ हजारांच्या घरातली. तेवढ्यात कुठली फळी बदलली हे मला कधी कळणारच नाही. आणि मी काढलेली बहुतेक घरं खाजगी. एका वाड्याचे अकरा वारसदार, त्यातले चौघे एकमेकांशी बोलत नाहीत. देणगी द्यायची कोणाच्या हातात?

मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारण्याची चूक केली. नणंदेचं मत गोशाळा. मुलाचं मत रस्त्यावरची कुत्री. शेजारच्या जोशीकाकूंना मगरी पकडणाऱ्या पोरांचं कौतुक. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी सोसायट्यांच्या आवारात फिरत होत्या, तेव्हा काकूंनी गच्चीवरून एक स्वतः पाहिली होती. सगळ्यांचंच बरोबर होतं, त्यामुळे काहीच ठरेना.

शेवटी वही केली. ज्या संस्थांची नावं आली त्यांना फोन लावायचा आणि ते काय बोलतात ते लिहून ठेवायचं. कोणाचं काम जास्त पुण्याचं, हे ठरवण्याइतकी माझी पोच नाही. पण पैशाला हात लावताना माणूस कसा वागतो, ते मला काउंटरच्या काचेतून चांगलं दिसतं.

एका मोठ्या, देशभर पसरलेल्या संस्थेतला मुलगा फार गोड बोलला. पण त्याला माझ्या चित्रांशी काही देणंघेणं नव्हतं. हॉलमध्ये त्यांचा स्टँडी लावायचा, येणाऱ्यांचे फोन नंबर त्यांना द्यायचे आणि मी दर महिन्याला खात्यातून पैसे वळते करायचं मान्य करायचं, अशा त्याच्या अटी. लोकांचे नंबर देणार नाही म्हटल्यावर गोडवा आटला. त्यानंतर तीन आठवडे रोज दुपारी जेवताना फोन.

दुसरीकडे एक वृद्धाश्रम. जागा स्वच्छ, आजी-आजोबा हसतमुख. सही-शिक्क्याची पावती बघायला मागितली. तिच्यावर ८०जी चा, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणाऱ्या नोंदणीचा, जुना नंबर आणि पुढे 'कायमस्वरूपी वैध'. आता, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या संस्थांना ही नोंदणी नव्याने करावी लागली आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण असतं. कायमस्वरूपी असं काही राहिलेलं नाही. मी हे विचारलं, तर व्यवस्थापक म्हणाले, "आजवर कोणी विचारलं नाही." नवी नोंदणी असेलही, मला माहीत नाही. पण 'बघून सांगतो' म्हणाले असते तर मी थांबले असते.

यातलं बरंच शिकवलं माझ्या भाच्याने, तो सीए आहे. म्हणाला, "मावशी, आधी धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्ट नोंदणी विचार. मग आयकराच्या साइटवर नाव शोध. नीती आयोगाचं दर्पण पोर्टल आहे, तिथेही बऱ्याच संस्था सापडतात. आणि दोन हजारांच्या वर रोख दिलेस तर वजावट विसर, पुढे देणगीचं १०बीई नावाचं सर्टिफिकेटही माग." मी सगळं वहीत उतरवलं. मग त्यानेच विचारलं, "पण तू टॅक्स जुन्या पद्धतीने भरतेस की नव्या?" नव्या. "मग ८०जी चा तुला काडीचा उपयोग नाही. नव्या पद्धतीत ती वजावटच नाही." दीड महिना मी ज्या नंबरावरून लोकांना उलटसुलट विचारत होते, तो माझ्या कामाचाच नव्हता!

त्याच आठवड्यात विम्याचे कागद शोधताना आईच्या फायलीत एक पिवळी पावती सापडली. 'फाउलर बेड नं. १७, अनामत रु. ३०००, भाडं रोज २ रु.' २०१७ मध्ये आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि सात महिने अंथरुणात होती. तेव्हा रुग्णसाहित्य देणाऱ्या एका ट्रस्टमधून हा फाउलर बेड, म्हणजे हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर-खाली करता येणारा पलंग, आणला होता. वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड, सक्शन मशीन, लागेल ते घेऊन जायचं आणि काम झालं की परत करायचं. आई गेल्यावर तेराव्यानंतर मी पलंग परत करायला गेले. तिथल्या काकांनी हँडल फिरवून बघितलं, डोक्याकडची बाजू वर-खाली केली, रजिस्टरमध्ये तारीख टाकली, भाडं वजा करून बाकीची अनामत मोजून हातात दिली आणि माठातलं पाणी आणून दिलं. सांत्वनाचं एक अक्षर बोलले नाहीत. मला ते फार बरं वाटलं होतं.

आणि ही जागा मला अडीच महिन्यांत एकदाही आठवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेले. काका तेच, थोडे वाकलेले. खोली अर्धी रिकामी. पुराचं पाणी तळमजल्यावर कमरेपर्यंत चढलं होतं, सांगत होते. लोखंडी पलंग धुऊन, रंग देऊन उभे केले, पण गाद्या, एअर बेडचे पंप, मशिनं सगळी गेली. भिंतीवर त्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे, आणि रजिस्टरांचा नवा कप्पा त्या रेघेच्या वर ठोकलाय. मी रजिस्टर बघायला मागितलं. त्यांनी 'कशाला' न विचारता पुढे सरकवलं. वस्तू, नंबर, कोणाकडे, कधी गेली, कधी आली, अनामत, कापलेले पैसे, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'एक चाक ढिलं', 'रबर बदललं', 'पेशंट गुजरी गया', म्हणजे वारले. एकतीस वर्षांत मी इतकं नीट ठेवलेलं लेजर फार थोड्या शाखांमध्ये पाहिलं.

ट्रस्टची नोंदणी होती, ऑडिट झालेले हिशेबही होते. ८०जी मात्र नव्हतं. पुराच्या गडबडीत नूतनीकरणाची मुदत गेली, नवा अर्ज केलाय, असं काकांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. वृद्धाश्रमाला ज्या कारणावरून मी वहीत फुली मारली होती, तेच कारण इथे. हा दुटप्पीपणा झाला का? नवऱ्याच्या मते झाला. माझं म्हणणं, इथे उत्तर आधी मिळालं, प्रश्न नंतर आला असता. यावर आमच्याकडे दोन दिवस चहाच्या वेळी वाद चालला. शेवटी मी ठरवलं, आणि काकांना विचारलं की पैशातून काय घ्याल. त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं: दोन फाउलर बेड, तीन एअर बेड पंपासकट, उरले तर वॉकर.

आता कार्डाचा मजकूर. 'सर्व रक्कम' खोडलं, कारण फ्रेमवाल्याचे पैसे कोण देणार? लहान चित्राच्या फ्रेमला साडेपाचशे, मोठ्याला साडेआठशे. मग लिहिलं, 'फ्रेमचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम', खाली ट्रस्टचं नाव आणि त्यातून काय घेणार तेही. हॉलचं भाडं, कार्डं आणि चहा माझ्या पदरचा. न विकलेल्या चित्रांच्या फ्रेमाही माझ्याच. प्रेसवाला या खेपेला मुकाट्याने छापायला बसला.

प्रदर्शन दिवाळीनंतर दोन दिवस होतं. पहिल्याच तासाला एका गृहस्थांनी मोठं चित्र घेतलं आणि ८०जी ची पावती मागितली. त्यांना सांगावं लागलं की तुम्ही चित्र विकत घेतलंय, देणगी दिलेली नाही. पैसे माझ्या खात्यात येतात, ती माझी मिळकत, ती मी रिटर्नमध्ये दाखवणार आणि मग माझ्याकडून ट्रस्टला चेक जाणार. गृहस्थ जरा नाराज झाले, पण चित्र घेऊन गेले. अमेरिकेची नागरिक झालेल्या पुतणीला ट्रस्टलाच थेट डॉलर पाठवायचे होते. काका घाबरूनच गेले. परदेशी देणगीला एफसीआरए या कायद्याखालची सरकारी परवानगी लागते, ती त्यांच्याकडे नाही. मग तिने सरळ एक चित्र विकत घेतलं, तिच्या आजोळच्या गल्लीचं.

चौदा लहान विकली गेली, नऊ मोठी. पंचाहत्तर हजार पाचशे. फ्रेमांचे पंधरा हजार तीनशे पन्नास वजा. साठ हजार एकशे पन्नासचा चेक मी नेऊन दिला. मुलगा म्हणत होता, वरचे दीडशे सोड, गोल आकडा दे. बँकेतल्या माणसाला असं काही सांगू नये.

उरलेली अकरा चित्रं परत पलंगाखाली गेली आहेत.

फेब्रुवारीत काकांचा फोन आला. नवा पलंग कारेलीबागेतून परत आला होता, पण सोबतच्या एअर बेडच्या पंपाची नळी हरवली होती. "बेन, अनामतमांथी दोनशे कापले," ते अर्ध्या गुजराती, अर्ध्या मराठीत म्हणाले, "तुमच्या पैशाची वस्तू, म्हणून कळवलं." मी विचारलं, नळी नवी आणली का? "आणली. एकशे ऐंशीला. वीस रुपये जमा दाखवलेत."