रात्रशाळेचा निकाल वाचण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की कोपरखैरण्यातील आमच्या रात्रशाळेची टक्केवारी शेजारच्या दिवसशाळेशी ताडून पाहिली जाते. माझी विनंती एवढीच, की तो आकडा वाचण्यापूर्वी आमचे हजेरीपत्रक वाचावे.

त्यातील जन्मतारखांचा रकानाच पुष्कळ काही सांगतो. सतरा वर्षांच्या मुलाशेजारी चौतीस वर्षांच्या बाई बसतात. वाशीच्या बाजार समितीत पेट्या उचलणारी मुले, साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कुटुंबांतील तरुण, महाप्याच्या कारखान्यांत पॅकिंग करणाऱ्या मुली आणि घरकाम करणाऱ्या बायका असा हा वर्ग आहे. यांतील बहुतेकांची शाळा आठवी-नववीत सुटली. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यापुढे त्याचे संरक्षण संपते आणि नेमक्या त्याच वयात घराला आणखी एका मिळवत्या हाताची गरज भासू लागते.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि फळबाजारात हापूसची आवकही त्याच सुमारास वाढू लागते. गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी पहाटेपासून पेट्या उतरवून थेट परीक्षा केंद्रावर गेला. त्याच्या बाहीला पेटीतले गवत चिकटलेले होते. बीजगणिताच्या पेपरला त्याला मध्येच डुलकी लागली आणि गणितात तो राहिला. जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला, पण शाळेच्या नावापुढे लागलेली मार्चची टक्केवारी तीच राहिली.

तरीही प्रत्येक अपयश परिस्थितीच्या माथी मारणे मला पटत नाही, कारण आमच्या शिकवण्यातही उणिवा आहेत. भाजीवर घर चालवणाऱ्या एक ताई पाव किलो आणि अर्धा किलो मिळून पाऊण किलो हे क्षणात सांगतात. मात्र फळ्यावर 1/4 + 1/2 लिहिले की त्याच ताई अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून 2/6 असे उत्तर लिहितात. त्यांना येणारा हिशेब आणि पुस्तकातील अपूर्णांक यांची गाठ आम्ही कधी घालूनच दिली नाही, आणि साडेसहा ते साडेनऊच्या वेळेत अभ्यासक्रम उरकण्याच्या घाईत ते राहूनच जाते. म्हणून यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरचा पहिला आठवडा मी बीजगणिताला हात न लावता तराजू आणि वजने घेऊन वर्गात गेलो. पहिल्या दिवशी फळ्याजवळ त्याच ताई उभ्या होत्या.