पाण्याचा सेट, रेल्वेचा सेट

फेब्रुवारी लागला की अजूनही माझा हात कपाटातल्या त्या वहीकडे जातो. दोनशे पानी वही, कडा फाटायला लागल्यावर चिकटपट्टी लावून सांभाळलेली. डावीकडे गाण्याचं नाव, गायक आणि साल. उजवीकडे मिनिटाला किती ठोके पडतात तो आकडा. त्याच्याही पुढे पेन्सिलीने एखादी खूण: ‘दमलेत तेव्हा’, ‘भिंतीकडेचे उठतील’, ‘यानंतर लगेच काही नको’. शिकागोत असताना २०१३ ते २०२० अशी आठ वर्षं आमच्या नृत्यशाळेच्या वार्षिक मेळाव्यात मी ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या जुन्या संगीताचे, सेट लावले. सेट म्हणजे नाचासाठी ओळीने लावलेली गाणी. त्या आठ फेब्रुवारींची ही वही.

मेळावा शुक्रवारी संध्याकाळी सुरू व्हायचा आणि रविवारी रात्री संपायचा. दिवसा वर्ग, रात्री नाच. बाहेर गुडघाभर बर्फ असायचं, आणि आत लाकडी जमिनीच्या त्या जुन्या हॉलमध्ये रात्री अकराला काचांवर वाफ धरलेली असायची. मी मूळची सांगलीची. शाळेतल्या गॅदरिंगला जी हुरहूर लागायची तीच इथे लागायची, म्हणून मनातल्या मनात मी याला गॅदरिंगच म्हणायचे, आणि शाळा चालवणाऱ्या शिक्षिकेला बाई. एकदा त्यांना सांगून टाकलं की आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात. त्यांना तो शब्द फार आवडला. दुसऱ्या वर्षी तर निम्मी शाळा त्यांना बाई म्हणायला लागली.

आपल्याकडे डीजे म्हटलं की विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती डोळ्यांसमोर येतात. इथला डीजे म्हणजे कोपऱ्यातलं एक घडीचं टेबल, लॅपटॉप, हेडफोन आणि कागद गुंडाळून उजेड कमी केलेला छोटा दिवा. एका सेटला दीड तास. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास संपते, नंतरची गाणी जरा लांबतात, त्यामुळे पंचवीस-सत्तावीस गाणी बसतात. गाण्याला गाणं घासून मिसळायचं नसतं. एक संपतं, माणसं जोडीदाराचे आभार मानतात, नवा जोडीदार शोधतात, त्याला विचारतात. समोरचा नको म्हणाला तर कारण विचारायचं नाही, हा नियम दारावरच लिहिलेला असायचा. त्या आठ-दहा सेकंदांच्या शांततेलाही डीजेने सांभाळायचं असतं.

ब्लूजचा नाच बाहेरून पाहणाऱ्याला साधा वाटतो. स्लो ड्रॅग नावाच्या संथ प्रकारात तर पाय जमिनीवरून जेमतेम सुटतात. वजन खाली सोडायचं, गुडघे सैल, आणि जोडीदाराच्या श्वासाबरोबर एका पायावरून दुसऱ्यावर जायचं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ज्यूक जॉइंट नावाच्या नाचगाण्याच्या छोट्या अड्ड्यांमध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या भाड्याच्या पार्ट्यांमध्ये, म्हणजे घरभाडं जमवायला घरातच तिकीट लावून केलेल्या पार्ट्यांमध्ये, खोली चिंचोळी आणि माणसं दाटीवाटीने असायची. नाच त्या जागेतून घडलाय. गाण्याची बांधणी बहुतेक वेळा बारा मात्रागटांची: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिचं उत्तर. शेवटच्या दोन गटांत गाणं वळण घेऊन पुन्हा पहिल्यावर येतं. मुरलेले नाचणारे ते वळण आधीच अंगात घेतात. तबला ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण समेवर येण्याची ओढ त्याच्या मानेत असतेच.

दरवर्षी प्रत्येक सेटला एक विषय असायचा. दिवाळीच्या सुमारास बाई कॉरिडॉरमध्ये एक मोठा कागद चिकटवायच्या आणि आम्ही सहा-सात जण त्यावर आपापला विषय लिहायचो. २०१४ला, माझ्या दुसऱ्या वर्षी, मी ‘पाऊस’ लिहिला. नावात पाऊस असलेली सव्वीस गाणी शोधली, ठोक्यांप्रमाणे लावली आणि मेळाव्याआधी बाईंना ऐकवायला घेऊन गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ‘यातला कुठला पाऊस कुणाच्या घरावर पडला?’ मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्यांनी सेट परत केला.

बाई स्वतः कृष्णवर्णीय, शिकागोच्या साउथ साइडला वाढलेल्या. मेळाव्याला येणारे निम्म्याहून जास्त लोक गोरे, काही आमच्यासारखे दुरून आलेले. ज्यांनी हे संगीत आणि हा नाच घडवला त्यांची नावं, गावं, त्यांच्यावर गुदरलेलं काहीच माहीत नसताना कुणी त्यावर झुलावं, हे बाईंना सहन व्हायचं नाही. विषय हवा तो एवढ्यासाठी. गाण्यांच्या नावांत एकच शब्द आहे म्हणून विषय होत नाही. ती गाणी एका वाटेवर उभी असली पाहिजेत. हे मी त्यांच्याकडून शिकले आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं.

शनिवारचा रेल्वेचा सेट सगळ्यांचा लाडका. तो दरवर्षी असायचाच, फक्त लावणारा बदलायचा. मिसिसिपी राज्यातून इलिनॉय सेंट्रल कंपनीची गाडी मेम्फिसवरून थेट शिकागोला यायची, आणि १९१० ते १९७० या काळात दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेलेल्या साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीयांपैकी कितीतरी जण याच वाटेने आले. गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ला मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून असाच आला. त्याच्या दोनच वर्षं आधी लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने स्टोव्हॉलच्या मळ्यावर जाऊन त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. शिकागोला आल्यावर गोंगाटात आवाज पोहोचेना, म्हणून गिटारला वीज जोडली गेली. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वादक आसपासच्या दुकानांतून वायर ओढून घ्यायचे आणि रस्त्यावरच वाजवायचे. रेल्वेच्या सेटमध्ये ही वाट ऐकू यायची: सुरुवातीला एकटी गिटार, मग पियानो, मग ड्रम, आणि शेवटी वीज.

या सेटला एक आजोबा न चुकता यायचे. पंच्याहत्तरीच्या पुढचे, करड्या रंगाची टोपी, चामडी तळव्यांचे बूट कापडी पिशवीतून वेगळे आणलेले. मूळचे मिसिसिपीतल्या ग्रीनव्हिलचे. नऊ वर्षांचे असताना आईबरोबर रेल्वेने शिकागोला आले, आणि बाराव्या रस्त्यावरच्या सेंट्रल स्टेशनवर उतरले. ते स्टेशन १९७४ला पाडलं. दरवर्षी ते बुटांचं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन यायचे आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवायचे. आत तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, मक्याचा पाव. दक्षिणेत त्या काळी गाडीच्या डायनिंग कारमध्ये काळ्या प्रवाशांना गोऱ्यांबरोबर बसून जेवता यायचं नाही, म्हणून घराघरांतून अशी खोकी भरून दिली जायची. मी त्यांना शिदोरी हा शब्द सांगितला. ते म्हणाले, ‘आमच्या आईने खोक्यात वरून कागद घातला होता आणि कागदावर आजीने मीठ बांधून दिलं होतं. मीठ कशाला, ते मला अजून कळलं नाही.’ पुढच्या वर्षी मी चिवडा घेऊन गेले आणि त्यांच्या खोक्याशेजारी ठेवला. रात्री दोनच्या सुमारास दोन्ही रिकामे झाले होते.

२०१६ला याच सेटमध्ये वीज गेली. स्वयंपाकघरात चहा-कॉफीची मोठी भांडी आणि एक हीटर एकदम लावला गेला आणि अर्ध्या हॉलचा फ्यूज उडाला. स्पीकर बंद, दिवे बंद. जोड्या होत्या तिथेच थांबल्या, पण हात सुटले नाहीत. मी टेबलाखाली वाकून वायरी चाचपत होते तेवढ्यात अंधारातून गाडी निघाली. आमच्यातलाच एक मुलगा खिशात माउथ ऑर्गन बाळगायचा. त्याने आधी नुसते श्वास भरले: एक लांब, दोन आखूड, इंजिन जागचं हलतंय तसे. मग रुळांचा ठेका धरला आणि मधूनच तळहात उघडत-मिटत शिट्टी काढली. माउथ ऑर्गनवर गाडी काढणं ही ब्लूजमधली जुनी कला आहे. डीफर्ड बेलीने १९२७ला अशीच एक पॅन अमेरिकन एक्स्प्रेस तबकडीवर पळवली होती. जमिनीवर पावलं पुन्हा घासायला लागली. आजोबा टाचेने ठेका देत होते आणि तो ठेका मला टेबलाखाली जमिनीतून तळहाताला जाणवत होता. वीस मिनिटांनी दिवे आले तेव्हा मी गाणं लावलंच नाही. त्याची गाडी स्टेशनात येईपर्यंत थांबले.

बाकीचे विषय येत-जात राहिले. विसाच्या दशकातल्या गायिका, पीडमाँट भागातली बोटांनी छेडलेली गिटार, कॅन्सस सिटीची रात्र. एका वर्षी मी ‘मेम्फिसचा रेडिओ’ केला होता, तो मला स्वतःला फार आवडतो. गिटारवादक बी. बी. किंग आधी मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर डीजे होता. पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गायचा आणि तबकड्या लावायचा. नावातले दोन ‘बी’ तिथलेच: मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरून आधी बील स्ट्रीट ब्लूज बॉय, मग नुसता ब्लूज बॉय, मग बी. बी. नदीपलीकडे हेलेना गावातल्या रेडिओवर १९४१पासून किंग बिस्किट पिठाच्या जाहिरातीसाठी सनी बॉय विल्यमसन रोज दुपारी माउथ ऑर्गन वाजवायचा, आणि शेतातली माणसं जेवणाच्या सुट्टीत ते ऐकायची. तो सेट मी त्या दुपारच्या भाकरीच्या वेळेसारखा बांधला होता, लहान आणि चटकदार.

आणि मग २०२०.

त्याआधीच्या ऑगस्टमध्ये सांगली बुडाली होती. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांवर आहे. कृष्णा ५७ फुटांवर गेली. २००५च्या पुरात मी घरात होते, कॉटवर कॉट रचून धान्याचे डबे वर चढवताना आईला हात दिला होता. २०१९ला मी शिकागोत होते आणि आई-बाबा शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर. दोन दिवस फोन लागला नाही. दिवाळीत बाईंचा कागद भिंतीवर लागला तेव्हा मी ‘पाणी’ लिहिलं. बाईंनी या वेळी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाल्या, ‘आता लाव.’

सांगली मी त्या सेटमध्ये आणली नाही. सेटमधला पूर हे संगीत घडवणाऱ्यांचा होता. एप्रिल १९२७ला ग्रीनव्हिलच्या वरच्या बाजूला माउंड्स लँडिंगचा बांध फुटला आणि मिसिसिपी नदी मैलोन्‌मैल पसरली. हजारो काळी माणसं बांधाच्या माथ्यावर अडकून पडली. न्यायला बोटी आल्या होत्या, पण मजूर एकदा गेले की परत यायचे नाहीत म्हणून मळेवाल्यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. बंदुकीच्या धाकावर बांधावरच राबवलं. पाणी ओसरल्यावर कित्येकांनी शिकागोची गाडी धरली.

सुरुवात गायिका बेसी स्मिथपासून केली. तिचं पुराचं गाणं मुद्रित झालं फेब्रुवारी १९२७ला, म्हणजे तो बांध फुटायच्या दोन महिने आधी. पण तबकडी लोकांच्या हातात असतानाच पूर आला आणि लोकांनी ते गाणं आपलं करून टाकलं. त्यात पियानोवर जेम्स पी. जॉन्सन आहे. त्याचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर असा घुमतो की दाराबाहेर पाणी चढतंय असं वाटावं. मग चार्ली पॅटनचं त्या पुरावरचं गाणं, १९२९. नाचायला तो अवघड, आवाज खरखरीत, गिटारच्या लाकडावर मधूनच थाप. दोनच जोड्या उभ्या राहिल्या, बाकीचे भिंतीला टेकून ऐकत होते, आणि मी ते गाणं कापलं नाही. वहीत त्याच्यापुढे लिहिलंय: ‘यानंतर लगेच काही नको’. तशी वीस सेकंद मी नुसती जाऊ दिली. मग मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो, दोन गिटारी एकमेकींत गुंतलेल्या, आणि जमीन पुन्हा भरली. शेवटाकडे मडी वॉटर्स. नदीकाठच्या गढूळ पाण्यात खेळायचा म्हणून आजीने त्याला ते नाव दिलं होतं.

सेट संपल्यावर आजोबा टेबलापाशी आले. त्यांचे आजोबा त्या बांधावर होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. ‘पॅटनचं हे गाणं आमच्या घरात लावायला आजीची बंदी होती,’ ते म्हणाले. ‘आज पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.’ त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि बूट बदलायला खुर्चीकडे गेले.

पुढचा डीजे आपली वायर जोडत होता. मी कोट घालून कॉरिडॉरमध्ये आले. रात्रीचा एक वाजला होता, म्हणजे सांगलीत रविवारची दुपार, साडेबारा. घरी फोन लावला. आई नुकतीच देवपूजा आटोपून बसली होती. भिंतीचा ओलावा अजून जात नाही म्हणाली, रंगवाल्याला होळीनंतर बोलावलंय म्हणाली. मग थांबली.

‘मागे कसला आवाज येतोय गं? पेटी वाजतेय का?’

आत लिटल वॉल्टर सुरू झाला होता. माउथ ऑर्गन आहे, म्हटलं.

‘पेटीसारखाच वाटतो. दार उघड जरा.’

मी पायाने दार लोटलं आणि फोन आत धरला. ते गाणं संपेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.