रिकामी जागा

माझ्या वहीत एक विनोद असा लिहिलेला आहे: 'परवा ........ला मुक्कामाला होतो. लॉजवाल्याला विचारलं, गरम पाणी कधी येतं? तो म्हणाला, एप्रिलात.'

एवढाच. मी गावोगाव स्टँडअपचे शो करतो आणि गेली चार वर्षं हा विनोद माझं भाडं भरतोय. घराचं नाही, एसटीचं. बाकीचे विनोद दोन-तीन महिन्यांत नासतात. हा टिकला तो त्यातल्या टिंबांमुळे. जिथे जाईन तिथे टिंबांच्या जागी नवं नाव बसतं आणि विनोद त्या भागातला होऊन जातो. जणू त्याचं आजोळच तिथलं.

नाव कुठलं घालायचं याला शास्त्र असतं. गाव तासाभराच्या वाटेवरचं हवं. ऐकणाऱ्यांच्या गावाहून जरासंच लहान हवं. आणि दोघांचं वाकडं असावं ते क्रिकेटच्या मॅचपुरतं, कोर्टात जाण्याइतकं नको. फारच गरीब खेडं घातलं तर लोक हसत नाहीत, तुमच्याकडे टक लावून बघतात. कोल्हापुरात इचलकरंजी चालते. साताऱ्यात कराड. पुण्यात पिंपरी-चिंचवड म्हटलं की काम व्हायचं, पण हल्ली निम्मी मंडळी तिकडूनच तिकीट काढून आलेली असतात, त्यामुळे जपून. म्हापशाला शो असला तर मडगाव घालायचं, मडगावला असला तर म्हापसा. बारदेश आणि सासष्टी या गोव्यातल्या दोन तालुक्यांचं हे देणंघेणं माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे, मी फक्त मधला हमाल. नागपूरला शेजारचं गाव भागत नाही, तिथे थेट पुणंच लागतं.

ही माहिती कुठे छापलेली नसते. स्टँडवर उतरलो की पहिला चहा, आणि चहावाल्याला एकच प्रश्न: "दादा, इथली लोकं कुठल्या गावाला नावं ठेवतात?" मुतारी कुठे आहे विचारलं तर नुसती हनुवटी हलवणारा माणूस या प्रश्नाला स्टोव्ह बारीक करून, फडक्याला हात पुसून उत्तर देतो. शेजारी पेपर वाचत बसलेलाही पेपर खाली करतो. दोन चहांत मला त्या तालुक्याचा शंभर वर्षांचा इतिहास कळतो, निदान एका बाजूचा.

लोकांना वाटतं आम्ही गावोगाव हिंडतो म्हणजे मजा. मजा तासाभराची. उरलेला वेळ मी स्टँडवर, लॉजवर आणि साउंडवाल्याची वाट बघत काढतो. लहान गावातला साउंडवाला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्याची सवय ऑर्केस्ट्रा आणि गणपतीच्या आरतीची, त्यामुळे ईको बंद कर म्हटलं की त्याला अपमान वाटतो. "साहेब, भारी वाटतंय की आवाज!" वाटतो खरा. पण 'एप्रिलात' चं 'एप्रिलात-लात-लात' झालं की पंच लाथ मारल्यासारखाच बसतो.

पुणे-नाशिक गाडीत असलो आणि पाडव्याचे दिवस असले की नारायणगाव येईपर्यंत मी झोपत नाही. तमाशाची पंढरी म्हणतात ते हे गाव. या दिवसांत तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रांचे पंच सुपारी द्यायला येतात. आम्हीही सुपारीच म्हणतो. एखाद्या कंपनीच्या वार्षिक जेवणात, लोक पनीर घेताना त्यांना हसवायचं काम आलं की मित्र विचारतात, "काय, सुपारी मिळाली?" शब्द कुठून आला याचा विचार आमच्यातलं कुणी करत नाही. गण झाला, गवळण झाली, की बतावणीत सोंगाड्या येणार आणि त्या गावच्या पाटलाला, सरपंचाला, पुढे बसलेल्या मिशीवाल्याला अलगद विनोदात ओवणार. टिंबं भरायची ही विद्या त्याची. तो मात्र दसऱ्यापासून वैशाखापर्यंत ट्रकमधून हिंडतो आणि उघड्या मैदानात हजारोंसमोर उभा राहतो. मी ८० खुर्च्या भरल्या नाहीत म्हणून रात्रभर कूस बदलतो.

लातूरला गेलो तेव्हा खुर्च्याही नव्हत्या, बाकं होती. शो एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये. मागच्या फळ्यावर कुणीतरी बेंझिनचं कडं काढून ठेवलेलं, ते पुसलं तरी पुसट दिसतच होतं. पहिल्या बाकावरचा मुलगा पेन काढून बसला होता. सवय. चहावाल्याने दुपारीच सांगितलं होतं, उदगीर घाला. घातलं.

"परवा उदगीरला मुक्कामाला होतो. लॉजवाल्याला विचारलं, गरम पाणी कधी येतं? तो म्हणाला, एप्रिलात."

हसले, पण बेतानेच. मी पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून पन्नाशीचे एक गृहस्थ, हात वर करून, अगदी वर्गात उभं राहतात तसे उठले.

"उदगीरला कशाला जाताव सर? आमाला तर एप्रिलात गार पाणी बी रेल्वेनं आलतं."

हॉल कोसळला. माझ्या आख्ख्या तासात झाला नाही एवढा आवाज त्या एका वाक्याला झाला. बाकांवर हात आपटत होते लोक. पेनवाल्या मुलाने काहीतरी लिहून घेतलं, आणि ते माझं वाक्य नव्हतं. मी माईक हातात धरून नुसता उभा. सरावाने तोंडात येतात ती चार उत्तरं त्या क्षणी आलीच नाहीत, आणि आली असती तरी देऊ नयेत एवढं मला कळत होतं. २०१६ चा एप्रिल. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून गाडी लातूरला आली ती. पहिल्या फेरीला १० वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी झाली. मी तेव्हा पुण्यात होतो, पेपरात फोटो बघितला आणि पान उलटलं. इथे ती माणसं बसली होती ज्यांनी त्या पाण्याच्या घागरी मोजल्या होत्या, आणि मी त्यांना लॉजच्या नळाचा विनोद ऐकवत होतो.

गृहस्थ शो संपल्यावर मुद्दाम भेटायला आले. "राग नाही ना आला सर? तोंडातून निगून गेलं बगा." राग कसला, मला त्यांची जागा हवी होती. रात्री लॉजवर बाथरूमच्या दारावर खडूने लिहिलेलं, 'पाणी जपून वापरा'. बादली अर्धीच भरली. का ते माहीत नाही, कुणी बघत नव्हतं.

तेव्हापासून विनोदाला शेपूट जोडलं. आधी टिंबं भरायची, मग सांगायचं की लातूरला एका काकांनी माझी कशी विकेट काढली. मिरजेला गेलो तेव्हा टिंबांत अर्थातच सांगली होती. दोन्ही गावं एका महापालिकेत बांधून घातलीत, त्याने काही फरक पडलेला नाही. सांगलीला हसून झालं, मग लातूरचं सांगितलं, तर मागून आवाज: "पाणी आमचं, आन टाळ्या लातूरला व्हय?" हेही वहीत गेलं. आताशा माझ्या सेटमधली बरी वाक्यं प्रेक्षकांचीच आहेत, मी ती एका गावातून दुसऱ्या गावात पोचवतो एवढंच. तिकिटाचे पैसे मात्र मी घेतो.

मग कधी ना कधी व्हायचं ते झालं, बार्शीला शो लागला. बार्शी माझं गाव. मंगल कार्यालयाचा हॉल, निम्मे नातेवाईक, निम्मे शाळेतले मास्तर आणि त्यांचे नातेवाईक. टिंबांत कुर्डुवाडी घालायची हे चहावाल्याला विचारायची गरज नव्हती. पण दुसऱ्या रांगेत कुर्डुवाडीची मावशी बसली होती, डबा घेऊन, काकांसकट. मी कच खाल्ली. "परवा एका गावाला मुक्कामाला होतो," म्हणालो. एका गावाला! कुणी हसलं नाही. एक मास्तर तर मोठ्याने म्हणाले, "कुठल्या?"

रात्री घरी जेवताना आई पोळी वाढत म्हणाली, "ते लातूरचं चांगलं होतं. पाण्याच्या गाडीचं."

"ते माझं नाही, त्या काकांचं आहे."

"असू दे. पण गाडी आपल्यावरूनच जायची की."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर. ती लाइन म्हणजे आमचीच जुनी बार्शी लाइट, १८९७ साली अडीच फुटी रुळांवर सुरू झालेली, आता ब्रॉडगेज. लहानपणी तिच्या गोष्टींचा कंटाळा येईपर्यंत त्या ऐकल्या होत्या.

"मी आणि शेजारच्या वहिनी फाटकात थांबलो होतो," आई म्हणाली. "त्या साली आपल्याकडं तरी कुठं होतं पाणी. आम्ही टँकर बघायलाच निघालो होतो, कळशा घेऊन. फाटक पडलं नि ती गाडी आली. संपेचना. सगळे गप उभे. फटफटीवाले, भाजीवाले, सगळे. पाणी जातंय समोरनं, भरलेलं, आणि हातात रिकामी कळशी."

"मग?"

"मग काय. एक एवढंसं पोरगं होतं सायकलवर. गाडीकडं बघून जोरात वराडलं, 'ओ ड्रायव्हरकाका, जरा सांडत चला की!'"

आणि आई हसायला लागली. पोळी हातात, डोळ्यांना पदर लावून हसत होती, आठ वर्षांनी. मी ताटातला हात तसाच उष्टा, डाव्या हाताने वही ओढली.

"लिही," ती म्हणाली, "पण वहिनींचं नाव घालू नकोस. पुढच्या वेळी त्यांनाही तिकीट दिलं पाहिजे."