यादी कागदावर ठेवा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गणपती जवळ आले की सांगली-मिरजेत हा प्रश्न ठरलेला: "वातावरण तंग झालं तर आमच्यासारख्या साध्या माणसांनी करायचं तरी काय? शांतता फेरी काढायची का?" काढा की. पण फेरी निघते दुसऱ्या दिवशी, फोटोसकट. प्रकरण हातातून जातं ते आदल्या संध्याकाळी, सोशल मीडियावर भडकाऊ पोस्ट फिरायला लागल्यावरच्या पहिल्या दोन-तीन तासांत. त्या तासांची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

तयारी म्हणजे मुख्यतः एक यादी. गल्लीमागे दोन-तीन नावं, दोन्ही समाजांतली. पुढारी नकोत. पुढाऱ्याचा फोन नेमका तेव्हा लागत नाही, आणि लागला तर तो आधी वरच्याला विचारतो. डेअरीत दूध मोजून घेणारा, गिरणीवाला, मंडळाचा खजिनदार, मशिदीच्या कमिटीतला हिशेब बघणारा, आशाताई, अशा माणसांना घ्या. चौकात उभं राहिलेलं पोरगं कुणाचं, हे यांना तोंडपाठ असतं. जमावातल्या पोराला भाषणाने घरी नेता येत नाही, मामाने नावानिशी हाक मारली की ते मुकाट जातं.

यादी कागदावरच हवी. खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सप्टेंबर २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसाचार झाला, एक जीव गेला आणि सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. नेट गेलं की व्हॉट्सअॅपचा गट मुका होतो. साधा कॉल मात्र लागतो.

आता पोस्ट. "बघा काय लिहिलंय" म्हणत ती पुढे पाठवणारा स्वतःच ती पसरवत असतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. स्क्रीनशॉट घ्यायचा तो खात्याचं नाव, लिंक, तारीख आणि वेळ दिसेल असा. ज्या मोबाईलवर घेतला तो जपून ठेवायचा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत पुढे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मग पोलीस ठाण्यात तक्रार. धर्माच्या नावाने तेढ लावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये येतं, धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं कलम २९९ मध्ये. खातं खरं की बनावट, हे शोधणं तपासाचं काम आहे. आपण चौकात निकाल लावायचा नाही.

घोळ होतो तो तक्रारीला जाताना. पाच माणसांनी जायचं तिथे पाचशे जातात. ठाण्याबाहेर घोषणा होतात, अर्ज घेतला जातो, आणि मग हा अख्खा जमाव परत निघतो. आम्हाला सगळ्यात धास्ती असते ती या परतीच्या वाटेची. काम झालेलं असतं, पण अंगातला जोर उतरलेला नसतो, आणि वाट बरोबर दुसऱ्या वस्तीवरून जाते. म्हणून पाचच जण आत पाठवा. गुन्हा नोंदवला की बाहेर येऊन त्याचा नंबर मोठ्याने वाचून दाखवा. "कारवाई होईल" या शब्दांवर कुणी घरी जात नाही, नंबर ऐकला की मागची रांग पांगायला लागते. उरलेल्यांना एकाच रस्त्याने सोडू नका, आळीआळीने पाठवा.

ज्याच्या नावावर पोस्ट आहे त्याचं घर ही धोक्याची दुसरी जागा. पोलिसांना सांगून घरच्यांना तिथून हलवा, आणि शेजारच्या ओट्यावर म्हातारीकोतारी, बायाबापड्या खुर्च्या टाकून बसू द्यात. सगळे दिवे चालू. कुणाच्या हातात काठी नको. दोन जमावांच्या मध्ये मात्र कुणी शिरायचं नाही, ते काम पोलिसांचं. बांधकामाची खडी, विटांचे तुकडे, सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट आधीच आत घ्या. आणि लाइव्ह करणाऱ्याला थांबवा, लाइव्ह बघून शेजारच्या गावची पोरं गाड्या काढतात. पोस्टवाल्याच्या बापाला चौकात आणून माफी मागायला लावणं, ही तर मिटवामिटवी नव्हेच. तो अपमान पुढच्या वर्षीसाठी शिल्लक राहतो.

कॅलेंडरही जानेवारीतच बघावं. मुस्लिम सणांचं हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे ते सण सरकत येतात. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलादही एकाच दिवशी. तेव्हा राज्यात ठिकठिकाणी ईदचे जुलूस पुढे ढकलले गेले. मिरवणूक कुठल्या कोपऱ्यावर वाद्यं थांबवणार आणि नमाज किती वाजता, हे दोन्हीकडच्या माणसांनी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात. तोंडी ठरलेलं रात्री दहा वाजता कुणाला आठवत नाही. निवडणुकीच्या वर्षी दुप्पट सावध राहा. मिरजेत २००९ साली अफजलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली ती गणेशोत्सवात, विधानसभेच्या निवडणुकीला महिनाभर बाकी असताना.

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, कडेगावच्या मोहरमच्या ताबुतांना सगळं गाव लागतं. बातम्या दरवर्षी येतात. आपल्या गावात तसं काही नसेल तरी अडत नाही, यादी चालते. फक्त दर श्रावणात तिच्यातल्या प्रत्येक नंबरावर एकदा कॉल करून बघा. पाच-सहा तरी बंद निघतातच.