सोलापूरची पहाट आणि घट्ट झालेले इंजिन ऑईल

गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सासऱ्यांना सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला सोडायला निघालो, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या दारातली बारा वर्षांची डिझेल गाडी तीनदा सेल्फ मारूनही सुरू झाली नाही. इंजिन फिरत होते, पण रखडत. शेवटी मामांना रिक्षाने पाठवावे लागले. गॅरेजमध्ये निदान झाले, "साहेब, थंडीनं ऑईल घट्ट झालंय, पातळ टाकू." त्याच गॅरेजात एप्रिलमध्ये "आपल्याकडच्या उन्हाला जाडच पाहिजे" असे सांगून २०डब्ल्यू-५० या दाट ग्रेडचे तेल भरण्यात आले होते, गाडीच्या पुस्तिकेत मात्र त्याहून पातळ १५डब्ल्यू-४० लिहिलेले आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे १३ अंश तापमानात मी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढून पाहिली. टोकाला जमलेला थेंब लोंबत राहिला आणि बऱ्याच वेळाने सुटला. संध्याकाळी होटगी रस्त्यावरून परतल्यावर पाहिले तर तेच तेल भराभर ओघळत होते. यात नवल नाही, कारण १५डब्ल्यू-४० सारखे तेलसुद्धा १०० अंशांपेक्षा ४० अंशांवर सात-आठ पट दाट असते आणि पहाटे त्याहून कितीतरी अधिक. सेल्फला हे दाट तेल बेअरिंग आणि पिस्टनच्या फटींतून रेटत इंजिन फिरवावे लागते. डिझेल इंजिनाला तर वेग हवाच, कारण तिथे स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, आणि इंजिन सावकाश फिरले तर ती उष्णता गार भिंतींत मुरून जाते.

तरीही सगळा दोष तेलावर टाकणे मला पटले नाही. ग्रेडमधले डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे, म्हणजे 'विंटर'चे आहे, आणि त्याच्या आधीचा आकडा इंजिन गारठलेले असताना तेल किती अडवते ते सांगतो. २० डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांवर, १५ डब्ल्यूची उणे २० वर आणि ५ डब्ल्यूची उणे ३० वर घेतात. जानेवारीत लेहला मुक्काम करणाऱ्याने या आकड्याचा विचार करायलाच हवा. आपल्या १३ अंशांत मात्र धडधाकट बॅटरीला २०डब्ल्यू-५० सुद्धा जड जाऊ नये.

म्हणून मल्टिमीटर लावला. उभ्या गाडीत बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे जेमतेम अर्धी भरलेली, आणि सेल्फ मारताना ८.५ वर कोसळत होती. ती पाच वर्षांची होती आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी चढली होती. दाट तेलाने मरगळलेल्या बॅटरीचे उणे उघड केले, एवढेच. टर्मिनल घासून नवी बॅटरी बसवली, तेव्हा त्याच तेलावर, तितक्याच थंडीत गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

तेल मी तरीही बदलले, पण त्याचे कारण वेगळे होते. घट्ट तेल पंपातून वरच्या भागापर्यंत पोहोचायला वेळ घेते, आणि तेवढ्या वेळात कोरड्या पडलेल्या भागांची झीज होते. सुरू झाल्यावरची ती खडखड आता लवकर थांबते. येत्या उन्हाळ्यातही मी १५डब्ल्यू-४० च ठेवणार आहे, कारण दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा आहे, आणि बाहेर ४३ अंश असोत की १३, तापलेल्या इंजिनातले तेल साधारण त्याच पातळीवर चालते.