कसबा पेठेतल्या वाड्याचे वय शोधताना

पुण्याच्या कसबा पेठेत आम्ही ज्या वाड्यात भाडेकरू होतो, त्याचा पुनर्विकास ठरला, तेव्हा पाडकामापूर्वी त्याचा इतिहास नोंदवून ठेवण्याचे काम मी अंगावर घेतले. वाडा पेशवाईतला आहे असे मालकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते आणि आधार म्हणून मोडीतले एक खरेदीखत पेटीत जपलेले होते.

मी मात्र अलीकडच्या कागदांपासून मागे जायचे ठरवले आणि नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक मिळवले. त्यात धारक, पट्टेदार आणि भार (म्हणजे गहाणासारखा बोजा) यांच्या नोंदी ‘धा’, ‘प’, ‘भा’ अशा अक्षरांनी ओळखतात. बहुतेक जण धारकांची नावे पाहून थांबतात. मला ‘भा’ अधिक मोलाचा वाटतो, कारण घर गहाण पडले की त्याचे वर्णन कोणाला तरी बारकाईने लिहावेच लागते. त्या नोंदीवरून दुय्यम निबंधक कार्यालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे गहाणखत सापडले (हेलपाट्यांबद्दल न बोललेले बरे) आणि त्यात चतुःसीमेसह ‘दुमजली, नऊ खणी इमारत’ असा स्पष्ट उल्लेख होता.

मोडी खरेदीखत एका जाणकारांकडून वाचून घेतले. त्यावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली, आकडे अरबी शब्दांत लिहिण्याची कालगणना) होते, म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७० येते. हे वर्ष मृगाला सुरू होत असल्यामुळे त्याचे शेवटचे महिने १७७१ मध्ये जातात. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला कागद निघाल्याने मालक हरखले. परंतु विकलेली वस्तू होती ‘जागा व त्यावरील तीन खणी घर’. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. नऊ खणांचा वाडा म्हणजे ते घर नव्हे. जुन्या खरेदीखतावरून जागेची मालकी कळते, तिच्यावर आज उभ्या असलेल्या इमारतीचे वय कळतेच असे नाही.

पुणे पुराभिलेखागारातले रुमालही (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) चाळले, पण या घराण्यापुरते फारसे काही हाती लागले नाही. अखेर वाड्याकडेच वळलो. छपरावर मंगलोरी कौले होती आणि मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला. कौले मागाहून बदलता येतात, म्हणून सुताराला वर चढवून वासे तपासून घेतले: रिपांच्या (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) खिळ्यांची एकच ओळ होती, आधीच्या रिपांची भोके कुठेही नव्हती. वासेही जुन्या लाकडातून पुन्हा वापरलेले दिसत नव्हते. म्हणजे वरचा मजला मुळातच या कौलांसाठी बांधलेला. तळमजल्यावर मागच्या बाजूच्या तीन खणांत मात्र खांब जाड, त्यांच्या बुडाशी असलेले तळखडे घडीव दगडाचे आणि भिंतीच्या विटा पातळ होत्या. विकत घेतलेले घर ते हेच असावे असा माझा कयास आहे. तो सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नाही.

मालकांना नव्या इमारतीवर ‘पेशवेकालीन वाडा’ अशी पाटी हवी आहे. मी दिलेल्या टिपणात जागेची खरेदी १७७०-७१ ची, दुमजली इमारत १८६५ नंतरची आणि गहाणखताच्या आधीची, असे लिहिले आहे. पाटीचा मजकूर अजून ठरायचा आहे.